होस्टेलवाले साने गुरुजी

वाशिमला रूम करून राहताय? मग ‘श्यामची आई’ सिनेमातला श्याम, म्हणजे खुद्द साने गुरुजी, मोठेपणी काय करायचे तेही ऐका. जन्म १८९९चा, पालगडचा. गावची पोरं विहिरीत पोहायची, हा भिऊन लपायचा. शेवटी आईनं चोप देऊन धाडलं. पुढे अमळनेरला शिक्षक झाले, वसतिगृहही सांभाळलं. पण छडी उचलली नाही. पोरांची खोली घाण दिसली, की स्वतः झाडायचे, कपडेसुद्धा धुवायचे! एक पोरगा लाजून कामाला लागायचा, त्याचं बघून दुसरा. संगत अशीपण लागते राव. १९३०मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. अत्र्यांचा सिनेमा १९५३चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. गुरुजींना तो पाहता आला नाही. ते ११ जून १९५०लाच गेले होते.