क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरचे शेतकरी

दिवाळीचा सुकामेवा, वाढदिवसाचं डेकोरेशन, लग्नातली किरकोळ खरेदी, यासाठी मुलुंडहून गाडी पकडून क्रॉफर्ड मार्केट गाठलं नाही असं घर आपल्या सोसायटीत सापडायचं नाही. पण दोन्ही हातांत पिशव्या असल्यावर मान वर करून बघतो कोण? प्रवेशद्वारांच्या वर दगडात कोरलेले शेतकरी आहेत, पिकात राबणारे. आतल्या चौकात कारंजंही आहे. हे काम जॉन लॉकवुड किपलिंग यांचं. ‘जंगल बुक’वाले रुडयार्ड किपलिंग यांचे हे वडील. मुलाचं नाव शाळकरी पोरांनाही ठाऊक, बापाचं मात्र फार थोड्यांना.

लॉकवुड 1837 साली यॉर्कशायरमध्ये जन्मले. तरुणपणी चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात उमेदवारी केली, मग लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियममध्ये काम. 1865 च्या मार्चमध्ये लग्न झालं आणि लगेच पत्नी ॲलिसला घेऊन त्यांनी मुंबईची बोट धरली. सर जे. जे. कला शाळेत शिल्पकला शिकवायची नोकरी मिळाली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा जो पैसा आला होता, तो नेमका त्याच वर्षी बुडाला. बँका बसल्या, शेअर कवडीमोल झाले. (आम्हा बँकवाल्यांना ही गोष्ट जरा जास्तच भिडते.) तरी कोटाच्या भिंती पाडून नवं शहर उभं राहतच होतं, आणि त्याला कारागीर हवे होते.

मार्केटचा आराखडा विल्यम इमर्सन यांचा. बांधकाम 1869 मध्ये पुरं झालं. दगड आपल्या कुर्ल्याचा, त्याला वसईच्या तांबड्या दगडाची जोड. नाव पडलं म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचं. हेच क्रॉफर्डसाहेब पुढे 1888 मध्ये लाचेच्या प्रकरणात गाजले आणि त्यात अडकलेल्या मामलेदारांची बाजू टिळकांनी घेतली. आज मंडईला महात्मा फुल्यांचं नाव आहे. दारावर शेतकरी आणि पाटीवर ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्याचं नाव, हे मला तरी फार योग्य वाटतं.

लॉकवुड होते साहेबच. शिकल्यासवरल्या हिंदी माणसांपेक्षा त्यांना सुतार, कुंभार, विणकर जवळचे वाटत. 1870 ते 72 च्या सुमारास सरकारने त्यांना उत्तरेत फिरून कारागिरांची चित्रं काढायला पाठवलं. ती चित्रं आज लंडनच्या म्युझियममध्ये आहेत.

घरी मात्र सुख बेताचंच होतं. तिसरं अपत्य 1870 मध्ये जन्मून लगेच गेलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी जवळजवळ सहा वर्षांचा रुडयार्ड आणि तीन वर्षांची ट्रिक्स यांना इंग्लंडमध्ये साउथसीला, जाहिरात बघून शोधलेल्या परक्या कुटुंबात ठेवलं. त्या काळचे साहेब लोक असंच करत, इथल्या रोगराईची धास्ती असे. पण तिथे रुडयार्डचे पाचएक वर्षं फार हाल झाले आणि ते तो जन्मात विसरला नाही. आपल्याकडे ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांना ताटातूट कळते, तरी आपला निदान रोज व्हिडिओ कॉल होतो. तेव्हा पत्राला आठवडे लागत.

1875 मध्ये लॉकवुड लाहोरला गेले, तिथल्या कला शाळेचे मुख्य आणि म्युझियमचे क्युरेटर म्हणून. तिथला त्यांचा शिष्य भाई राम सिंग याच्याकडून पुढे व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्नच्या महालातल्या दरबार हॉलचं काम झालं. 1882 मध्ये रुडयार्ड लाहोरला परतला, वर्तमानपत्रात लागला आणि घर पुन्हा एकत्र आलं. ‘किम’ कादंबरीतले म्युझियमचे प्रेमळ क्युरेटर म्हणजे हे वडीलच, आणि त्या पुस्तकातली चित्रंही त्यांनी मातीत घडवून दिलेली. 1893 ला निवृत्त होऊन ते इंग्लंडला टिसबरी गावी राहिले. 1910 च्या नोव्हेंबरात ॲलिस गेल्या, जानेवारीत लॉकवुड.

मार्केटपासून हाकेच्या अंतरावर जे. जे.च्या आवारात हिरवा लाकडी बंगला आहे, त्याच्यासमोर रुडयार्डचा अर्धपुतळा. बंगला त्याच्या जन्मानंतरचा, पण जन्मस्थान म्हणून लोक तोच बघतात. वडिलांचं काम बघायचं तर पलीकडच्या फुटपाथवर उभं राहा. अगदी दाराशी गेलं की शिल्पं डोक्यावर येतात आणि फळवाले हाका मारू लागतात.