इंजिनाची थरथर आणि काचेची थरथर

शिरपूरहून मालेगावला जाणारी एसटी थांब्यावर उभी असताना एखादी काच अचानक खडखडू लागते. चालकाने इंजिनाचा वेग जरा वाढवला की ती गप्प. थरथर इंजिनाची खरी, पण काचेचीही स्वतःची ठरलेली कंपनगती असते. दोन्ही जुळल्या की खडखड वाढते. यातले इंजिनाचे किती आणि काचेचे किती? चंद्रशेखर वेंकट रामन यांचे बरेच आयुष्य असाच निवाडा करण्यात गेले.

तिरुचिरापल्लीत 1888 मध्ये जन्मलेले रामन 1907 मध्ये सरकारच्या हिशेब खात्यात लागले. 1910 मध्ये बदलीवर ते आपल्या नागपुरातही होते. कोलकात्यात कचेरीच्या आधी आणि नंतर ते प्रयोगशाळेत असत. चेलो हे व्हायोलिनच्या जातीचे मोठे वाद्य. त्यावर एका ठरावीक सुराला गज फिरवला की आवाज फाटून गुरगुरतो. त्या सुराला तारेचे कंपन लाकडी खोक्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळते आणि खोके तारेची शक्ती ओढून घेते, हे रामन यांनी 1916 मध्ये मांडले. पुढे तबला-मृदंगावर बारीक वाळू पसरून शाईमुळे पुडीची कंपने सुरेल कशी होतात, हेही त्यांनी तपासले.

1917 मध्ये बरीच कमी पगाराची प्राध्यापकी घेऊन त्यांनी सरकारी नोकरी सोडली. मी स्वतः सरकारी नोकर आहे; घरी काय बोलणे झाले असेल, याची कल्पना करू शकतो.

प्रकाश हेही कंपनच. 1928 मध्ये रामन आणि के. एस. कृष्णन यांनी द्रवावर एकाच रंगाचा प्रकाश सोडला. बाहेर आलेला बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा होता, शेजारी मात्र अगदी फिकट नव्या रेषा होत्या. त्या दिव्याच्या की रेणूच्या? दिव्याचा रंग बदलला की रेषा सरकतात, पण मूळ कंपनसंख्येपासूनचे त्यांचे अंतर तेवढेच राहते. ते अंतर रेणूच्या स्वतःच्या कंपनाचे. 1930 मध्ये नोबेल मिळाले.

पुढे बंगळुरूत स्फटिकांच्या कंपनांवरून माक्स बॉर्न यांच्याशी त्यांचा कडवट वाद झाला. त्यात रामन चुकले होते आणि त्यांनी ते मान्य केले नाही. 21 नोव्हेंबर 1970 रोजी ते गेले.

आज हातात मावणारे रामन यंत्र पारदर्शक वेष्टन न फोडता आतले औषध तपासते. गोळीतल्या रेणूंची कंपने जुळली नाहीत, तर गोळी बनावट असल्याचा संशय घ्यायचा.