सायकल विकणारे लक्ष्मणराव

समजा, तुम्ही मुरगूडचे आहात. वजन 95 किलो, खिशात पैसे बेताचे आणि सायकल घ्यायचीय. दुकानात शिरलात की पोरगं आधी तुमच्याकडं बघतं, मग सायकलीकडं. मी हे सोसलंय. पुढचे शॉकअप आणि जाड टायर बघून भाळलो. तीन महिन्यांत मागच्या चाकाचे स्पोक एकेक करून तुटायला लागले. तुम्ही ती चूक करू नका. आणि दुकानात जायच्या आधी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट ऐका.

नांगर आणि पंपवाले म्हणून ते तुम्हाला माहीत असतील. पण त्यांचा धंदा सुरू झाला सायकलीपासून.

जन्म 1869 चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. पोराला चित्रं काढायची हौस, म्हणून मुंबईच्या जे. जे. मध्ये गेला. तिथं कळलं की रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकलेत असं झाल्यावर आपण गावाकडची गाडी पकडली असती. ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले.

दोन सारख्या चाकांची सायकल तेव्हा नवीनच होती. लक्ष्मणराव स्वतः ती चालवायला शिकले. मग मुंबईत सायकली घेऊन त्या बेळगावला भावाकडं, रामूअण्णांकडं पाठवायला लागले. किंमत 700 ते 1000 रुपये! शाळामास्तराला कित्येक महिन्यांचा पगार साठवावा लागला असता. चालवायला शिकायचे 15 रुपये वेगळे. थोडक्यात, सायकल ही श्रीमंताची चैन होती. नोकरीत बढती डावलली गेली तेव्हा राजीनामा देऊन ते बेळगावला आले आणि दुकानात पूर्ण लक्ष घातलं.

मला खरी आवडते ती पुढची गोष्ट. श्रीमंतांना सायकल विकणारा हा माणूस शेतकऱ्यासाठी कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर करायला लागला. लोखंडानं जमीन नासते, असं लोक म्हणायचे. सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षं गेली. बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली. 1910 मध्ये त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कोल्हापूरहून पुण्याला रेल्वेनं जाताना ते स्टेशन लागतं, बघा.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना. तेव्हा आपले शाहू महाराज, कागलच्या घाटगे घराण्यातले, मदतीला आले. संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले.

आता तुमची सायकल. शेतकऱ्याला रंगाचं काही नव्हतं, ढेकळात नांगर टिकतो का, एवढंच तो बघायचा. तुम्हीही तसंच बघा. बसल्यावर बहुतेक भार मागच्या चाकावर येतो, म्हणून आधी तिथले स्पोक मोजा. साध्या काळ्या 28 इंची सायकलला बहुधा पुढं 32 आणि मागं 40 असतात. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून दूधवाला तीच चालवतो, आणि कॅनसकट त्याचं वजन तुमच्यापेक्षा कमी नसतं. फ्रेम स्टीलची आणि सीट स्प्रिंगची घ्या. स्वस्तातले शॉकअप टाळा. त्यात पैसा जातो आणि मोडायला आणखी एक भाग वाढतो. जुनी घेत असाल तर फ्रेमच्या जोडाला चीर नाही ना, हे उजेडात बघा. नवी घेतली तर महिन्याभरानं चाकाचा आउट काढून स्पोक ताणून घ्या. ही सायकल जड असते, गिअर नसतात, चढाला धाप लागणार. लाज वाटली तर उतरून ढकला, मी ढकलतो.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. तोवर सायकल दूधवाल्याच्या आणि पोस्टमनच्या हातात आली होती, आणि ती शिकवायचे 15 रुपये कुणी मागत नव्हतं.