खताचं गणित मांडणारे लीबिग, आणि त्यांचंच फसलेलं खत

खताच्या गोणीवर १०:२६:२६ असे आकडे असतात. नत्र, स्फुरद, पालाश. पिकाला काय लागतं याचा असा हिशेब मांडता येतो, हे जगभर पोहोचवणाऱ्यांत जर्मनीचे युस्टुस लीबिग यांचं नाव पहिल्या ओळीत येतं.

जन्म १८०३ चा, डार्मस्टाट गावातला. वडिलांचं रंग-रसायनांचं दुकान होतं. शाळेत मन रमलं नाही, औषधवाल्याकडे कामाला ठेवलं तर तिथंही टिकले नाहीत. ते तेरा वर्षांचे असताना युरोपात उन्हाळाच पडला नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याने ऊन अडवलं. पिकं गेली, लोक उपाशी राहिले. पुढे पॅरिसला शिकून आले आणि २१ व्या वर्षी गीसनला प्राध्यापक झाले.

तेव्हा बऱ्याच विद्वानांचं म्हणणं असं, की झाड जमिनीतला कुजलेला पालापाचोळाच खातं. १८४० च्या पुस्तकात लीबिग यांनी ते खोडून काढलं. कार्बन हवेतून येतो आणि पालाश, स्फुरद, चुना ही खनिजं जमिनीतून. पीक जेवढं उचलून नेतं तेवढं परत टाका, नाहीतर रान खंगणार.

दुसरी गोष्ट, जे अन्नद्रव्य सगळ्यात कमी, त्यावर उत्पादन अडतं. हे आधी कार्ल स्प्रेंगेल यांनी मांडलं होतं, पण नाव झालं लीबिग यांचं. चुनखडीच्या रानात लोह मिळेना म्हणून ऊस पिवळा पडतो, तिथं युरिया कितीही ओता, भागत नाही. ते हेच.

आता खरी गंमत. १८४५ च्या सुमारास लीबिग यांनी स्वतःचं खत इंग्लंडात विकायला काढलं. पावसाने वाहून जाऊ नये म्हणून पालाश आणि स्फुरद चुन्याबरोबर वितळवून घट्ट केले. ते पाण्यात विरघळेच ना! मुळांना मिळणार काय? शेतकऱ्यांचे पैसे गेले. शिवाय त्यात नत्र जवळपास नव्हतंच, कारण नत्र हवेतून, पावसातून पुरेसं येतं असं ते धरून बसले होते. आणि त्यांचे जिवलग मित्र व्होलर यांनी तर १८२८ सालीच प्रयोगशाळेत युरिया बनवला होता!

इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडला लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३ पासून एकाच रानात दरवर्षी गहू पेरून तुलना केली. गिल्बर्ट हे लीबिग यांचेच विद्यार्थी. नत्र दिल्याशिवाय गहू उठत नाही, हे त्यांनी वाफ्यावाफ्यात दाखवलं. लीबिग चिडले, वर्षानुवर्षं भांडले. विद्यार्थ्याने गुरूला रानात नेऊन दाखवावं आणि गुरूने मान फिरवावी, हे काही बरं दिसलं नाही.

खत का फसलं, हे मात्र त्यांनी शेवटी कबूल केलं. माती स्वतःच अन्नद्रव्य धरून ठेवते, पाऊस सगळं धुऊन नेत नाही, हे दुसऱ्यांच्या प्रयोगांतून पुढे आलं होतं. म्हणजे खत घट्ट करायची गरजच नव्हती. पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीत त्यांनी तसं छापलं.

१८७३ साली म्युनिकला ते वारले. रोथॅमस्टेडच्या त्या रानात अजूनही गहू पेरतात.