फ्रान्सिस गाल्टन आणि अंगठ्याची निशाणी

बोटांच्या ठशांचे शास्त्र म्हटले की सर फ्रान्सिस गाल्टन यांचे नाव आठवते. त्यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८२२ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळ एका सधन घराण्यात झाला. चार्ल्स डार्विन हे त्यांचे नात्याने भाऊ. १८४४ साली वडील वारले आणि वारशाने एवढी संपत्ती आली की, पोटासाठी काम करण्याची गरजच उरली नाही. गाल्टन यांनी वैद्यकाचे शिक्षण सोडले आणि पुढे नैर्ऋत्य आफ्रिकेचा प्रवास केला, हवामानाचे नकाशे काढले.

माणसे मोजण्याचा तर त्यांना नादच होता. १८८४ साली लंडनच्या एका प्रदर्शनात तीन पेन्स देऊन ९ हजारांहून अधिक लोकांनी त्यांच्याकडून उंची, दृष्टी, हाताची ताकद मोजून घेतली.

या मोजण्यामागे एक ठाम समजूत होती. बुद्धी ही घराण्यातूनच येते, असे त्यांनी १८६९ च्या ग्रंथात मांडले. न्यायाधीश, सेनापती, विद्वान यांची नातीगोती त्यांनी धुंडाळली. पण त्या घरांतला पैसा, शिक्षण आणि ओळखी यांना फारसे महत्त्व दिले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. साहजिकच हे वाचून मन खट्टू झाले.

परंतु पुढची हकीगत वेगळी आहे. विल्यम हर्शेल या सनदी अधिकाऱ्याने १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला होता. त्यानंतर वर्षानुवर्षे जमविलेले ठसे हर्शेल यांनी गाल्टन यांना दिले. त्यांच्या आधारे ठसे जन्मभर बदलत नाहीत, हे गाल्टन यांनी दाखविले. १८९२ साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ निघाला. आपल्याकडे बोटांवरचे शंख-चक्र मोजतात. गाल्टन यांनी कमान, फास आणि चक्र असे तीन मुख्य प्रकार केले.

ठशांत वंशाची वा बुद्धीची खूण सापडेल अशी त्यांना आशा होती. इंग्रज, वेल्श, ज्यू, आफ्रिकी असे निरनिराळ्या समाजांचे ठसे त्यांनी ताडून पाहिले. विद्यार्थी, शेतमजूर आणि मतिमंद यांचेही पाहिले. कोणत्याही एका समाजाची वा वर्गाची खास खूण त्यांना आढळली नाही. विशेष म्हणजे हा निकाल आपल्या आशेविरुद्ध जात असूनही त्यांनी तो छापला. चक्रांचे वा फासांचे प्रमाण समाजासमाजांत कमीअधिक असते, हे पुढील संशोधनाने दिसले. पण तिन्ही प्रकार सर्वत्र आढळतात. एकाच वस्तीतच काय, जुळ्या भावंडांतही दोन ठसे तंतोतंत सारखे नसतात, कारण गर्भात रेषा उमटताना प्रत्येक बोटाची घडण निराळी होते.

दुर्दैवाने गाल्टन यांनी आपली समजूत सोडली नाही. सुप्रजननशास्त्राला १८८३ मध्ये त्यांनीच नाव दिले होते. १७ जानेवारी १९११ रोजी ते वारले. पण त्या विचाराच्या नावाखाली पुढे अमेरिकेत व जर्मनीत हजारो गोरगरिबांवर व दुबळ्यांवर सक्तीने शस्त्रक्रिया झाल्या.

माझी आई आजही कागदावर अंगठा उठविते. लोक तिला अडाणी म्हणतात. परंतु तिच्या अंगठ्यात अडाणीपणाची एकही रेषा नाही, याचा पुरावा खुद्द गाल्टन यांनीच गोळा करून ठेवला आहे. तिला शाळा मिळाली नाही, एवढाच त्या निशाणीचा अर्थ.