पिरियॉडिक टेबल पाठ होत नाही? मेंडेलीव्हची गोष्ट वाचा

सीईटीच्या तयारीत मला सगळ्यात जास्त छळलं ते पिरियॉडिक टेबलने. पाठ करायचो, दोन दिवसांत विसरायचो. मग ते टेबल बनवणाऱ्या दिमित्री मेंडेलीव्हबद्दल वाचलं.

त्यांचा जन्म १८३४ सालचा, सायबेरियातल्या तोबोल्स्कचा. वडील वारले, आई चालवत असलेला काच कारखाना जळाला. तरी आई शिकायला म्हणून मुलाला घेऊन पार मॉस्कोला गेली. तिथल्या विद्यापीठाने ॲडमिशन नाकारली. शेवटी १८५० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अध्यापक संस्थेत प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी आई गेली.

पुढे ते प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांसाठी केमिस्ट्रीचं पुस्तक लिहिताना प्रश्न पडला: तेव्हा माहीत असलेली ६३ मूलद्रव्यं कोणत्या क्रमाने शिकवायची? त्यांनी ती अणुभारानुसार मांडली, सारख्या गुणधर्मांची एका गटात आणली. १८६९ मध्ये तक्ता तयार झाला. काही जागा मुद्दाम रिकाम्या सोडल्या. ॲल्युमिनियमच्या गटातल्या अशाच एका जागेसाठी त्यांचा अंदाज होता, अणुभार ६८. १८७५ मध्ये गॅलियम सापडलं, अणुभार जवळपास ७०! आजचे छोटे 'गॅन' फास्ट चार्जर याच गॅलियमच्या संयुगावर चालतात.

मेंडेलीव्ह १९०७ मध्ये वारले. त्यांची गोष्ट वाचून मी घोकंपट्टी सोडली. आता गटातल्या एका मूलद्रव्याचा नीट अभ्यास करतो, बाकीच्यांचे गुणधर्म अंदाजाने लिहितो, मग पुस्तकात तपासतो. चुकलेलंच जास्त लक्षात राहतं. तुम्हीही करून बघा!