नैनसिंह रावत

पंडित नैनसिंह रावत (जन्म: इ.स. १८३०) हे कुमाऊँमधील जोहार खोऱ्यातील शिक्षक व भूमापक होते. तिबेटच्या पठारावरून पूर्वेकडे वाहणाऱ्या त्सांगपो नदीच्या, अर्थात ब्रह्मपुत्रेच्या वरच्या प्रवाहाची त्यांनी पायी चालत मोजणी केली.

तिबेटमध्ये परकीयांना प्रवेशबंदी असल्याने भारतीय सर्वेक्षण खात्यातील माँटगोमरी यांनी स्थानिकांना गुप्तपणे पाठविण्याची योजना आखली. देहरादून येथे प्रशिक्षण घेऊन नैनसिंह इ.स. १८६५ मध्ये काठमांडूमार्गे निघाले. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी सरके. प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी टिपणांचे कागद दडविलेले असत आणि पाण्याच्या उत्कलनबिंदूवरून ते स्थळांची उंची काढीत. जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोहोचले. पैसे संपत आल्याने त्यांनी तेथील नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून गुजराण केली. काही काश्मिरी व्यापाऱ्यांनी त्यांचे सोंग ओळखले होते, पण वाच्यता केली नाही. परवानगीविना आलेल्या एका चिनी माणसाचा शिरच्छेद झाल्यावर मात्र नैनसिंह फारसे बाहेर पडेनासे झाले. एप्रिलमध्ये लडाखी तांड्याबरोबर नदीच्या काठाने मानससरोवराकडे जात त्यांनी मोजणी पूर्ण केली.

इ.स. १८७४-७५ मध्ये लेह ते ल्हासा आणि तेथून तवांगमार्गे आसाम असा त्यांचा अखेरचा मोठा प्रवास झाला. त्यानंतर दृष्टी अधू झाल्याने ते निवृत्त झाले. इ.स. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.